लोणावळ्याची प्रार्थना : पंडिता रमाबाई व दोन दुष्काळ

मावळ प्रांताचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच लोहगड, विसापूर, राजमाची या किल्ल्यांकडे, कार्लें व भाजें येथील लेण्यांकडे, किंवा बारा मावळांतील देशमुखांच्या कागदपत्रांकडे वळते. तें योग्यच आहे. परंतु गडकोट आणि वतनें एवढाच कांहीं इतिहास नव्हे. एखाद्या माणसाच्या अंतःकरणांत झालेला निश्चयहि, त्याचे परिणाम हजारों जीवांपर्यंत पोंचले असतील तर, इतिहासाचा विषय होतो. अशा एका निश्चयाचें स्थळ लोणावळें हें आहे, आणि मावळच्या वर्णनांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

इ. स. १८९६ सालीं लोणावळ्यास भरलेल्या एका ख्रिस्ती मेळाव्याच्या वेळीं पंडिता रमाबाई सरस्वती यांनीं रानांत एकांतीं जाऊन एक प्रार्थना केली. त्या प्रार्थनेची हकीकत, तिच्या मागील संकटांची परंपरा आणि तिच्या पुढील वर्षाचा वृत्तांत हीं तिन्ही एकत्र ठेवून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. संकटकाळीं धर्मश्रद्धेनें बळ येतें, हें विधान सर्व धर्मांच्या प्रवचनांतून ऐकूं येतें. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र पुढें आणखी विचारावयास हवें : तें बळ कोणत्या प्रकारचें, कोणत्या संकटांत आलेलें, आणि त्यानें प्रत्यक्ष कोणतें ओझें उचललें?

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. आज हवापालटासाठीं गजबजलेलें लोणावळें हें मूळचें लहानसें खेडें. त्याचें रूप पालटलें तें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेमुळें. १८५८ सालीं खंडाळें ते पुणें हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ सालीं बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई व पुणें हीं एका रुळावर आलीं. त्या घाटाच्या कामावर एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, व पटकी आणि ताप यांनीं त्यांतले कितीतरी जीव घेतले. मार्ग तयार झाल्यावर लोणावळ्यास एंजिनांचा कारखाना आला आणि रेल्वेच्या नोकरीतील युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबें राहूं लागलीं. त्यांच्याबरोबर प्रॉटेस्टंट व रोमन कॅथॉलिक अशीं दोन्ही प्रार्थनामंदिरेंहि उभीं राहिलीं. मोकळ्या रानांत कांहीं दिवस एकत्र राहून भजन, प्रवचन व प्रार्थना करावयाची, ही छावणी-सभेची चाल मूळची अमेरिकेंतली; मेथॉडिस्ट पंथीयांनीं ती विशेष वाढविली. मुंबई व पुणें या दोन्ही शहरांस सोईचें, थंड हवेचें व रेल्वेवरचें ठिकाण म्हणून लोणावळें अशा सभांस सोयीस्कर होतें. घाटांतली ही वाट शतकानुशतकें व्यापारी, भिक्षु आणि सैन्यें यांनीं तुडविलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिजवरून हे नवे यात्रेकरूहि येऊं लागले.

आतां बाईंची पूर्वपीठिका. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावंत वैष्णव व नाणावलेले पंडित. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये हा समज झुगारून त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविलें आणि लक्ष्मीबाईंनीं मुलीस. श्रीमद्भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तीर्थयात्रा करीत, पुराणें वाचीत आणि मिळेल त्या दक्षिणेवर हें कुटुंब देशोदेशीं हिंडत असे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत पडलेल्या दुष्काळानें हें कुटुंब गांठलें. तो प्रसंग रमाबाईंनीं स्वतः पुढें लिहून ठेवला आहे. हातचा पैसा देवतांच्या अनुष्ठानांत व दानांत संपला. मजुरी करावी तर ती पंडिताच्या कुळास लज्जास्पद. भीक मागावी तर देणाराच उपाशी. शेवटीं सर्वजण मरणाच्या तयारीनें रानांत गेले. अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध व दृष्टिहीन झालेल्या पित्यानें जलसमाधि घेण्याचें ठरविलें, तेव्हां पुत्र श्रीनिवासशास्त्री यांनीं कुलाभिमान बाजूस ठेवून वाटेल ती मजुरी करण्याची तयारी दाखविली. तरीहि विलंब झालाच होता. थोड्याच महिन्यांत पिता, माता व वडील बहीण हीं तिघेंहि गेलीं. भाऊ व बहीण हजारों मैल पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें पंडितसभेनें रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

संकटें तेवढ्यानें सरलीं नाहींत. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ त कन्या मनोरमा झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं मेधावी पटकीनें दिवंगत झाले. चोविसाव्या वर्षाच्या आंत आईबाप, बहीण, भाऊ व पति या सर्वांस ही बाई अंतरली होती. तान्ही मुलगी घेऊन ती पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासंबंधीं साक्ष दिली, आणि १८८३ त इंग्लंडास गेली. तेथें वाँटेज येथील मठांत २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बाप्तिस्म्यानें सर्व प्रश्न सुटले असें बाईंनीं कधींहि म्हटलें नाहीं. उलट ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीनें स्वीकारला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्ताचा अनुभव सुमारें आठ वर्षांनंतर आला, असें त्या स्पष्ट सांगतात. इंग्लंडांत असतां धर्मगुरूंशीं व आपल्या गुरुभगिनींशीं त्यांचा मतभेदाचा पत्रव्यवहार झाला होता. तर्काच्या कसास लावल्यावांचून कोणतीच गोष्ट न स्वीकारण्याची वडिलांच्या शाळेंतली संवय त्यांनीं धर्मांतरानंतरहि टाकली नाहीं. म्हणूनच त्यांची श्रद्धा भाबडी होती असें म्हणून ती बाजूस सारतां येत नाहीं.

अमेरिकेंत हिंडून व ‘द हाय-कास्ट हिंदु वुमन’ हा ग्रंथ १८८७ त प्रसिद्ध करून त्यांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं साह्य मिळविलें. बोस्टन येथें स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननें दहा वर्षें द्रव्य पुरविण्याचें पत्करिलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि १८९० त तें पुण्यास आलें. सदनांत धर्मोपदेश होऊं नये अशी अट होती. बाईंनीं आपली प्रार्थना स्वतःच्या खोलीपुरती ठेविली, पण दार उघडें ठेविलें. मुली येऊन बसूं लागल्या. यावरून वाद माजला. १८९३ त न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि ज्या पुण्यानें दहा वर्षांपूर्वीं या विदुषीचें कौतुक केलें होतें त्याच पुण्यानें तिच्याकडे पाठ फिरविली.

अशा स्थितींत १८९६ साल उजाडलें. सदनाची जागा बेताची. स्वकीयांचा विश्वास उडालेला. आणि अमेरिकेहून येणाऱ्या द्रव्याची दहा वर्षांची मुदत १८९८ त संपावयाची. बाईंनीं पुढची तजवीज म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगांव स्टेशनाजवळ सुमारें शंभर एकर जमीन घेऊन फळझाडें लावण्यास आरंभ केला होता. मदत बंद झाली तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावें हा हिशेब. व्यवहारदृष्टीनें पाहतां हा काळ आखडतें घेण्याचा होता. जपून खर्च करावा, मुलींची संख्या वाढूं देऊं नये, बाग फळास येईपर्यंत दम धरावा, असेंच कोणीहि सांगितलें असतें.

अशा वेळीं बाई लोणावळ्याच्या सभेस गेल्या. ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. एके दिवशीं पहाटे उठून त्या रानांतील एका निवांत जागीं गेल्या. सूर्य उगवत होता. त्या ठिकाणीं त्यांनीं जें मागितलें तें एखाद्या गणितशिक्षकास शोभेल असें मोजकें होतें : या पंधरांचा वर्ग व्हावा, पंधरा गुणिले पंधरा म्हणजे दोनशें पंचवीस आध्यात्मिक कन्या पुढील सभेपूर्वीं आपणांस मिळाव्या. मागतांना इतक्या मुलींस ठेवावयास जागा नाहीं व पोसावयास पैसा नाहीं हें त्यांस पुरतें ठाऊक होतें.

त्याच वर्षाच्या पावसानें दगा दिला. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांत दुष्काळानें उग्र रूप धारण केल्याच्या वार्ता येऊं लागल्या. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अनाथगृहें व मदतीच्या कामांवरील छावण्या त्यांनीं हिंडून पाहिल्या. उपासमारीनें हाडांचे सांपळे झालेल्या मुली तेथें होत्या; आणि अशा निराधार मुलींस फूस लावून अनीतीच्या व्यवसायास नेणारी माणसेंहि तेथेंच टपून बसलेलीं होतीं. मरणापेक्षां ही दुसरी भीति बाईंस अधिक वाटली. कांहीं महिन्यांत त्यांनीं सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा आश्रयास आणिल्या.

परंतु आणावयाच्या कोठें? १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें. शहरांत नवीन माणसांची गर्दी करण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां फळबागेसाठीं घेतलेली केडगांवची जमीन उपयोगास आली. झाडें अजून लहान होतीं. राहावयास घर नव्हतें. तंबू ठोकून व झोंपड्या बांधून मुलींची सोय करण्यांत आली. हीच पुढील मुक्तिसदनाची सुरुवात. त्याच वेळीं पुण्याच्या प्लेग-इस्पितळांत नेलेल्या सदनांतील एका मुलीचा पत्ता लागेनासा झाला, तेव्हां बाईंनीं मे १८९७ त ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत सरकारी व्यवस्थेवर कडक टीका केली. ती थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोंचली, आणि मुंबईच्या गव्हर्नरानें तिचा इनकार केला. ख्रिस्ती झालेली बाई राज्यकर्त्यांच्या धर्माची म्हणून त्यांची मिंधी होईल, ही समजूत या पत्रानें खोटी पाडली. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलुमांवर ‘केसरी’हि त्या दिवसांत टीका करीत होता, धर्माच्या बाबतींत परस्परांशीं भांडणारे दोन पक्ष येथें एकाच तक्रारीवर उभे होते.

आतां या वृत्तांताची छाननी करूं. लोणावळ्याच्या प्रार्थनेची हकीकत बाईंच्याच सांगण्यावरून आपल्यापर्यंत आली आहे आणि ती छापली गेली ती घटना घडून गेल्यावर. शिवाय मागणें होतें तें आध्यात्मिक कन्यांचें, म्हणजे श्रद्धा स्वीकारणाऱ्या मुलींचें. आणि दुष्काळांतून आल्या त्या भुकेल्या मुली. हे दोन आंकडे एकच नव्हेत. दोनशें पंचवीस मागितले व तीनशें मिळाले, असें सांगून चमत्कार सिद्ध करणें हें प्रवचनकाराचें काम झालें. देवानें ती प्रार्थना ऐकली कीं नाहीं हा निर्णय इतिहासाच्या न्यायासनासमोरचा नव्हे. परंतु त्या प्रार्थनेनें प्रार्थना करणारीचें काय केलें, हा प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे, आणि त्याचें उत्तर देतां येतें. ज्या बाईनें जागा नसतां व पैसा नसतां सव्वादोनशें मुली मागितल्या, तिला कांहीं महिन्यांनीं प्रत्यक्ष मुली पुढें उभ्या राहिल्यावर जागा नाहीं असें म्हणतां येईना. मागणें हेंच वचन होऊन बसलें. प्रार्थनेनें दुष्काळ टळला नाहीं; दुष्काळापुढें दार लावून घेण्याची वाट मात्र बंद झाली.

आमच्या शास्त्रांत संकटकाळच्या वर्तनास आपद्धर्म म्हटलें आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत बारा वर्षांच्या अवर्षणांत विश्वामित्र ऋषि चांडाळाच्या घरचें कुत्र्याचें मांस घेतो, ती कथा प्रसिद्ध आहे. त्या विचाराचें तात्पर्य असें कीं, आपत्तींत धर्माचें ओझें हलकें करावें, आधीं प्राण राखावा, मग आचार. हा विचार दयेचा आहे, व श्रीनिवासशास्त्री मजुरीस तयार झाले तेव्हां त्यांनीं तोच आचरिला. लोणावळ्यास रमाबाईंनीं याच्या उलट केलें : आपत्तीच्या वेळीं त्यांनीं आपलें ओझें पंधरा पटीनें वाढवून मागितलें. या वृत्तीचें बीज केवळ परदेशी ग्रंथांत शोधण्याचें कारण नाहीं. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीनमधील मिशनचे हडसन टेलर आदिकरून केवळ श्रद्धेवर संस्था चालविणाऱ्यांचीं वृत्तें बाईंनीं याच सुमारास वाचलीं होतीं, व त्यांचा परिणाम त्या मोकळेपणानें मान्य करतात. परंतु भागवताच्या प्रथम स्कंधांत कुंती श्रीकृष्णापाशीं विपत्तीच मागते, हें भागवत कंठस्थ असलेल्या बाईस अज्ञात असणें शक्य नव्हतें. नवी श्रद्धा जुन्या मशागतीच्या भूमींत रुजली होती.

मावळच्या वाचकास याहून जवळचें एक उदाहरण आठवेल. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी पुढें देहूस जाते. शके १५५२ च्या, म्हणजे इ. स. १६३० च्या, दुष्काळांत तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला, आणि तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर एकांतीं जाऊन बसले. तेथून परतल्यावर त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं अशी परंपरा आहे. दुष्काळानें घर उजाड केलेलें माणूस एकांतांत जातें, आणि परत येतें तें कांहीं मागावयास नव्हे तर सोडून द्यावयास किंवा उचलावयास येतें. तुकोबांनीं ऋणकोंचें ओझें सोडलें, रमाबाईंनीं अनाथांचें उचललें. देव वेगळा, भाषा वेगळी. परंतु श्रद्धेची परीक्षा दोन्हीकडे एकच, ती ही कीं तिच्यामुळें दुसऱ्याचा भार हलका झाला कीं नाहीं.

या प्रकरणाची दुसरी बाजूहि झांकून ठेवणें इतिहासास शोभणारें नाहीं. भुकेनें व्याकुळ झालेली मुलगी अन्न देणाऱ्याचा धर्म स्वीकारते, तेव्हां ती निवड कितपत मोकळी असते, हा त्या वेळच्या टीकाकारांचा प्रश्न खोटा नव्हता. मागणीचा आंकडाच आध्यात्मिक कन्यांचा होता, त्यामुळें धर्मप्रसार हा बाईंचा हेतु नव्हता असेंहि म्हणतां येत नाहीं. बाईंनीं तो कधीं लपविलाहि नाहीं. शारदासदन तटस्थ व केडगांवचें काम उघडपणें ख्रिस्ती, असा भेद त्यांनीं स्वतःच केला. परंतु त्याबरोबरच हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, टीका करणाऱ्यांपैकीं फारच थोडे त्या छावण्यांपर्यंत गेले. मंगळवेढ्यास दामाजीपंतांनीं दुष्काळांत कोठारें उघडलीं, ही आमची स्वतःची परंपरा. १८९७ त ती केडगांवच्या तंबूंत अधिक दिसली, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटला तरी तें लिहून ठेवणें भाग आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजराथ व राजपुतान्यावर कोसळला तेव्हां केडगांवीं मुलींची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें शाळा, छापखाना, विणकाम, दुग्धालय व तेलाची घाणी चालूं लागली. आंधळ्यांस ब्रेल लिपीनें वाचावयास शिकविण्यांत येऊं लागलें. फसविलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. ज्या मुलींस शिक्षा म्हणून जगावें लागलें असतें त्या खिळे जुळवूं लागल्या, सूत काढूं लागल्या, दुसऱ्यांस शिकवूं लागल्या. हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून बाईंनीं बायबलाचें सोपें मराठी भाषांतर केलें, आणि तें तेथल्याच छापखान्यांत मुलींच्या हातून छापलें गेलें. तो संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर आला.

तो पाहावयास बाई राहिल्या नव्हत्या. संकटानें त्यांस अखेरपर्यंत सोडलें नाहीं. जिच्या हातीं सर्व काम सोंपवावयाचें ती कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजीं वारली. नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईहि निवर्तल्या. श्रद्धेनें दुःख दूर होतें असें ज्यास सिद्ध करावयाचें असेल त्यास हें चरित्र उपयोगी पडणार नाहीं, कारण यांत एकहि दुःख दूर झालेलें नाहीं. पहिल्या दुष्काळांत जी सोळा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर मरण्यासाठीं रानांत गेली होती, तीच बावीस वर्षांनीं दुसऱ्या रानांत गेली, आणि तेथून शेंकडों जिवांस जागविण्याची जबाबदारी घेऊन परतली. या दोन रानांमधील अंतर हेंच तिच्या श्रद्धेचें माप होय.

केडगांवची संस्था आजहि चालू आहे व तिला बाईंचेंच नांव आहे. लोणावळ्याच्या रानांत मात्र या घटनेची कांहीं खूण शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. रानच बरेंचसें वस्तीखालीं गेलें आहे. मावळच्या पुढील इतिहासकारानें गडांच्या नामावळीशेजारीं या एका पहाटेस चार ओळींची जागा द्यावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.